सुरू वेगळा, पाइन वेगळा

रोपवाटिकेत जाऊन ‘पाइनचे रोप द्या’ म्हटले, तर आपल्याकडे बहुधा दोहोंपैकी एक झाड हाती पडते. एक तर सुरू, नाहीतर नाताळात सजवतात ते, मजल्यामजल्याने फांद्या फुटणारे ॲरोकेरिया. दोन्ही देखणी, पण दोन्ही पाइन नव्हेत.

सुरूची खात्री करून घेणे सोपे आहे. त्याची एक ‘सुई’ दोन्ही टोकांना धरून हलकेच ओढा. ती सांध्यासांध्यांतून सुटत जाते. म्हणजे ते पान नसून बारीक डहाळी असते. खरी पाने प्रत्येक सांध्यावर, जेमतेम दिसतील एवढी. शिवाय सुरूला फुले येतात, लहान असली तरी. पाइनला फूलही नाही आणि फळही नाही. त्याचे बी लाकडी खवल्यांच्या शंकूत उघडेच बसलेले असते.

आपल्या देशातला परिचित पाइन म्हणजे हिमालयाचा चीड. संस्कृतात त्याला सरल म्हणतात आणि झाड पाहिले की नाव पटते. खोड सरळ वर जाते, चांगल्या जागी ५० मीटरपर्यंतही. सुया तीन-तीनच्या जुडग्यात, २० ते ३० सेंटिमीटर लांब. शंकू पिकायला जवळजवळ दोन वर्षे लागतात. मग उन्हाने तो उघडतो आणि पंख असलेले बी वाऱ्यावर निघते.

हा चीड कोल्हापुरात आला तो मात्र बाटलीतून. खोडाला खाच पाडली की चिकट चीक झरतो, त्याला तिकडे लिसा म्हणतात. तो तापवून वाफ थंड केली की टर्पेंटाइन मिळते, मागे राळ उरते. बाबूराव पेंटरांच्या गावात टर्पेंटाइनचा उपयोग कोणाला सांगायला नको. व्हायोलिनच्या गजाला घासतात तीही पाइनचीच राळ.

हौसेने अंगणात एखादा चीड लावायला हरकत नाही. मात्र पंचगंगाकाठची पाणी धरणारी काळी माती त्याला मानवत नाही. मुरमाड, निचऱ्याची जमीन आणि दिवसभर ऊन हवे. बी उथळ पेरावे, पाणी बेताचे द्यावे. जास्त झाले तर रोपे बुंध्याशी कुजून कोलमडतात. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पाइनच्या मुळांशी एक बुरशी राहते आणि तीच त्याला जमिनीतले अन्न मिळवून देते. म्हणून जाणकार माळी जुन्या पाइनखालची मूठभर माती वाफ्यात मिसळतात. पहिली एक-दोन वर्षे झाड जागचे हलत नाही असे वाटेल. त्या काळात त्याचा सगळा जोर मुळांवर असतो.

पण अंगण वेगळे आणि डोंगर वेगळा. ‘उटीसारखे पाइनचे बन पन्हाळ्याच्या बाजूला का नको?’ असे कोणाच्याही मनात येईल. दक्षिण भारतात मुळात पाइन नाहीच. उटी-कोडाईकनालची बने माणसाने लावलेली आहेत आणि तिथल्या गवताळ माळांची बरीच जागा लावलेल्या परक्या झाडांनी खाल्ली आहे. आपले मसाई पठार उन्हाळ्यात उघडेबोडके दिसते खरे. परंतु जांभ्या खडकावरच्या त्या बोटभर मातीत पावसाळ्यानंतर रानफुलांचे गालिचे उमलतात. त्यांना मोकळे आकाश लागते. वर सावली आणि खाली वाळल्या सुयांचा जाड थर आला, की ती संपली.

दुसरे भय आगीचे. राळ असलेल्या या सुया लवकर कुजत नाहीत आणि भडकन पेटतात. उत्तराखंडात २०१६ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात जंगले पेटली, तेव्हा चिडाच्या सुयांनी आग पसरवायला मोठा हातभार लावला. आपल्याकडे गवत चांगले येते या समजुतीने दरवर्षी डोंगराला वणवे लावले जातात, तिथे असे सरपण अंथरून ठेवायचे म्हणजे काय होईल, कल्पना करा.

झाडीच वाढवायची, तर डोंगराच्या कुशीत, माती खोल असेल तिथे, जांभूळ, हिरडा, अंजनी लावावी. राधानगरीच्या जंगलात ही झाडे कोणी न लावता वाढतात.