लॅबच्या आधी लॉग इन!

दुपारची मीटिंग ऐन रंगात आणि मोबाइलची बॅटरी दहा टक्क्यांवर! जास्त टिकणारी बॅटरी कुणी बनवत का नाही, असं तुम्हालाही वाटतंच ना? बनवणारे कामाला लागलेत. फक्त त्यातले बरेच जण हल्ली टेस्ट ट्यूब उचलण्याआधी कॉम्प्युटरसमोर बसतात.

फंडा सोपा आहे. पदार्थ कसा वागणार, हे बरंचसं त्यातले इलेक्ट्रॉन ठरवतात. त्यांचं गणित मांडलं, की पदार्थ प्रत्यक्ष न बनवताच त्याचा अंदाज येतो. मग शंभरातले मोजकेच पर्याय लॅबमध्ये करून बघायचे. हे गणित आवाक्यात आणणाऱ्या वॉल्टर कोन यांना १९९८ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे ते होते फिजिक्सवाले!

पण गोची अशी, की नेहमीच्या पद्धतीत अणू दुप्पट केले तर आकडेमोड साधारण आठपट वाढते. तिथे आपला लॅपटॉप हात टेकतो. सुपरकॉम्प्युटरच हवा आणि तो काही एखाद्या प्रोफेसरच्या बजेटमध्ये बसत नाही.

म्हणून सरकारचा खिसा लागतो. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं, १९९१ मध्ये 'परम ८०००' आला. २०१५ मध्ये केंद्राने ४,५०० कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर केलं. त्यातून २०१९ मध्ये पुण्याच्या आयसरला 'परम ब्रह्म' मिळाला. तेव्हा त्याची ताकद होती ७९७ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला ७९७ लाख कोटी आकडेमोडी!

मग पुण्याबाहेरच्यांनी काय करायचं? या मशीनच्या शेजारी बसावं लागत नाही. नेटवर्कवरून लॉग इन करायचं आणि काम रांगेत लावायचं. जालन्यात २०१८ पासून मुंबईच्या आयसीटीचा, म्हणजे जुन्या यूडीसीटीचा कॅम्पस आहे. त्याच जिल्ह्यातलं अंतरवाली सराटी २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे घराघरांत पोचलं. प्रश्न शिक्षण आणि नोकरीतल्या संधीचाच होता. तिथल्या केमिस्ट्री आवडणाऱ्या मुलीला अशा मशीनपर्यंत पोचायला तीनच गोष्टी लागतील: अकाउंट, धड चालणारं नेट आणि शिकवणारं कुणीतरी.

यातली तिसरी सगळ्यात अवघड. मशीन पैशाने उभी राहते. माणूस तयार व्हायला वर्षं जातात. मिशनच्या कामात ट्रेनिंगही आहेच. सॅलरी स्लिपवर कापलेला टॅक्स बघून पुढच्या वेळी कपाळाला आठ्या पडल्या, तर एवढं जरूर विचारा: लॉग इन कुठकुठल्या गावापर्यंत पोचलं?