मुदत संपलेलं विंडोज आणि धडधाकट मशीन

संगणकाची आवड असलेली चार माणसं जमली की सध्या एक प्रश्न हमखास निघतो. ‘माझं मशीन अकरा घेत नाही म्हणतंय. टाकून देऊ का?’ विचारणारा कधी निवृत्त शिक्षक असतो, कधी सीएकडे उमेदवारी करणारा मुलगा, कधी शाळेची संगणक खोली सांभाळणाऱ्या बाई. मशीन चांगलं असतं. आय-५ प्रोसेसर, आठ जीबी रॅम, स्वच्छ स्क्रीन. अडचण एवढीच, की विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि विंडोज ११ त्या मशीनला दारात उभं करत नाही.

माझं उत्तर आधीच सांगतो. टाकून देऊ नका. पण ‘काही होत नाही, चालू द्या तसंच’ असं कुणी सांगितलं तर तेही ऐकू नका. करण्यासारखं बरंच आहे, फक्त मुदत संपली म्हणजे काय झालं ते आधी नीट समजून घ्यायला हवं.

विंडोज १० बाजारात आलं २९ जुलै २०१५ ला. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्र झालेली असताना, मायक्रोसॉफ्ट त्यात सापडलेल्या भोकांवरच्या दुरुस्त्या पाठवत होती. १४ ऑक्टोबरचा मंगळवार हा त्यातला शेवटचा. त्यानंतर मशीन बंद पडलं नाही, फाइली उघडतात, प्रिंटही निघते. दुरुस्त्या येणं तेवढं थांबलं. धोका इथेच आहे, कारण दहा आणि अकरा यांचा आतला बराचसा कोड एकच. अकरासाठी एखादी दुरुस्ती आली की हल्लेखोर जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी ठेवून काय बदललं ते शोधतात. एकाच कारखान्यात बनलेलं कुलूप दोन घरांना असावं, एका घराचं दुरुस्त करताना दोष कुठे होता ते सगळ्या गल्लीला कळावं आणि दुसऱ्या घराचं तसंच राहावं, असा हा प्रकार. म्हणजे मुदत संपलेलं विंडोज पहिल्या दिवशी जेवढं सुरक्षित असतं, तेवढं सहा महिन्यांनी नसतं.

हे उगाच घाबरवणं नाही. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं विंडोजच्या फाइल वाटपाच्या यंत्रणेतलं एक मोठं भोक बुजवलं. १२ मे रोजी त्याच भोकातून वॉनाक्राय नावाचा किडा जगभर घुसला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. दुरुस्ती दोन महिने आधी आलेली होती, पण असंख्य मशीनवर ती चढवलीच गेली नव्हती. एप्रिल २०१४ मध्ये मुदत संपलेल्या एक्सपीला तर ती हल्ल्यानंतर, अपवाद म्हणून मिळाली. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आलं आणि त्याची झळ आपल्या न्हावा-शेव्यापर्यंत पोहोचली. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते शिरलं, मर्स्क या जहाज कंपनीच्या जाळ्यात पसरलं आणि जेएनपीटी बंदरातल्या त्या गटाच्या टर्मिनलचं काम विस्कळीत झालं. मर्स्कला सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनीच नंतर दावोसला सांगितलं. यातली एक गोष्ट कार्यालयं आणि शाळांनी नीट लक्षात घ्यावी. नॉटपेट्या एका मशीनमध्ये शिरलं की तिथले पासवर्ड उचलून शेजारच्या, दुरुस्ती चढवलेल्या मशीनमध्येही जात होतं. खोलीतलं एक मशीन कच्चं राहिलं की झळ सगळ्यांनाच बसते.

आता अकराच्या अटींकडे वळू. चार जीबी रॅम आणि चौसष्ट जीबी जागा ही किरकोळ बाब, ती बहुतेकांकडे असते. अडतं ते दोन ठिकाणी, प्रोसेसरची पिढी आणि टीपीएम २.०. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा प्रोसेसर लागतो. एएमडीच्या रायझनमध्ये साधारण २००० मालिकेपासून पुढचा. पिढी ओळखायला फार कष्ट नाहीत. आय-५ च्या पुढे ६५०० लिहिलेलं असेल तर सहावी पिढी, ८४०० असेल तर आठवी, १०४०० असेल तर दहावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सेकंडहँड मशीन घेताना हा आकडा आधी विचारा. कंपन्यांनी काढून टाकलेल्या मशीनमध्ये सहाव्या-सातव्या पिढीचा माल भरपूर असतो. काम तो उत्तम करतो, पण अकराच्या यादीत बसत नाही.

टीपीएम हा किल्ल्या सांभाळणारा सुरक्षित कप्पा आहे. डिस्क कुलूपबंद करणाऱ्या बिटलॉकरची किल्ली तिथे राहते आणि मशीन सुरू होताना कुणी मधे ढवळाढवळ केली का, याची नोंदही तिथेच होते. यासाठी वेगळी चिप लागतेच असं नाही. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक बोर्डांत ती सोय प्रोसेसरच्या आतच असते, इंटेलमध्ये पीटीटी आणि एएमडीमध्ये एफटीपीएम या नावानं. असेंबल्ड पीसीत मात्र ती अनेकदा बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. त्यामुळे ‘तुमचा पीसी पात्र नाही’ हा संदेश पाहून धीर सोडलेल्या कितीतरी जणांचं मशीन खरं तर पात्र असतं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा, उघडलेल्या चौकटीत टीपीएम डॉट एमएससी टाइप करा, परिस्थिती समोर दिसेल. जुन्या पद्धतीनं, म्हणजे लेगसी बूटवर विंडोज टाकलेलं असेल तर डिस्कची मांडणी एमबीआरवरून जीपीटीवर न्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच साधन आहे, पण आधी बॅकअप घ्या. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा आणि मगच बायोसला हात लावा.

हे सगळं करूनही मशीन बसलं नाही तर? मला या अटींचा सुरक्षेमागचा हेतू मान्य आहे, त्यांची किंमत मान्य नाही. २०२३ च्या अखेरीस कॅनालिस या संस्थेनं अंदाज मांडला होता की दहाची मुदत संपल्यामुळे सुमारे चोवीस कोटी पीसी कचऱ्यात जाऊ शकतात. जगात २०२२ मध्ये सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेला नाही. त्या ढिगात चालू स्थितीतली मशीन टाकणं मला पटत नाही.

सवड मिळवण्याचा मार्ग मायक्रोसॉफ्टनंच ठेवला आहे. घरगुती वापरासाठी दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. मशीनवर दहाची शेवटची आवृत्ती, म्हणजे २२एच२ असायला हवी आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यावर ठेवला तर पैसे पडत नाहीत. नाही तर एक हजार रिवॉर्ड्स गुण द्या किंवा ३० डॉलरच्या घरात रक्कम भरा. एका नोंदणीत दहा मशीनपर्यंत चालतात. युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या ग्राहकांना मात्र बॅकअपची अट न घालता हे फुकट मिळालं, कारण तिथल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला. ही सवलत जगातल्या प्रत्येक ग्राहकाला मिळायला हवी होती. संस्थांसाठी वेगळी सशुल्क योजना तीन वर्षांची आहे आणि तिचा दर दरवर्षी दुप्पट होतो. शाळांना बरीच स्वस्त पडते, तेव्हा शाळांनी जरूर चौकशी करावी.

रुफससारखं साधन वापरून अटी चुकवून अकरा टाकता येतं, हे हौशी मंडळींना माहीत आहेच. करून पाहायला हरकत नाही. पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि अकराच्या २४एच२ आवृत्तीपासून फार जुने प्रोसेसर बूटच होत नाहीत, कारण काही सूचना त्यांना कळतच नाहीत. स्वतःच्या मशीनवर करा. काकांच्या किंवा शाळेच्या मशीनवर करून मोकळे होऊ नका, कारण सहा महिन्यांनी ते अडलं की तुम्ही तिथे नसता.

त्यापेक्षा लिनक्स बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. लिनक्स मिंटची २२ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. दोन जीबी रॅमवर ती चालते, चार असेल तर आरामात. विंडोजमधून येणाऱ्याला तिचा मेनू परका वाटत नाही. झोरिन ओएसवाल्यांनी तर आपली १८ वी आवृत्ती नेमकी १४ ऑक्टोबर २०२५ लाच काढली. सर्वांत सोयीची गोष्ट म्हणजे हार्ड डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून बूट करून हे सगळं आधी वापरून पाहता येतं. पेनड्राइव्हवरचं जुनं सारं पुसलं जातं, तेवढं लक्षात ठेवा. वायफाय लागतं का, प्रिंटर ओळखतो का, आवाज येतो का, लॅपटॉप झोपेतून नीट उठतो का, हे बघा. मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंग्जमधून जोडता येतो. शाळांना शंका वाटत असेल तर केरळकडे पाहावं. तिथल्या सरकारी शाळा अनेक वर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवत आहेत.

पण लिनक्स सगळ्यांसाठी नाही आणि तसं भासवणं अन्यायाचं होईल. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलेलं आहे. विवरणपत्रांवर डिजिटल सही करायचा डोंगल लागत असेल तर त्याचा ड्रायव्हर लिनक्सवर चालतो का, हे आधी तपासा. सीए, वकील, गुत्तेदार यांनी रोजचं मशीन लिनक्सच्या भरवशावर एका रात्रीत बदलू नये.

कोणताही मार्ग घेतला तरी एक खर्च डोळे मिटून करावा, तो एसएसडीचा. ‘मशीन स्लो झालंय’ या तक्रारीत दोष बहुतेक वेळा प्रोसेसरचा नसतो. फिरत्या तबकड्यांच्या हार्ड डिस्कला इकडून तिकडून तुकडे वेचताना सेकंदाला शंभरेक फेऱ्या कशाबशा जमतात, साध्या एसएसडीला हजारो. जुन्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवून झाल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद मला फार मोलाचा वाटतो. रॅम आणि फ्लॅश मेमरीचे भाव मात्र २०२५ च्या अखेरीपासून चढले आहेत. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा मोठा वाटा उचलला. मायक्रॉननं तर डिसेंबरमध्ये क्रूशियल या नावानं ग्राहकांना मेमरी विकणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. जुनं मशीन जपायला याहून चांगलं कारण सध्या नाही.

शेवटी आपल्याकडच्या एका खास अडचणीबद्दल. गावोगावच्या डीटीपीच्या दुकानांत अजून पेजमेकर चालतं, ज्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि त्यात श्रीलिपी, आकृती, आयएसएमचे जुने फाँट. लग्नपत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक, गावच्या संस्थांचे इतिहास, पंचवीस-तीस वर्षांचा मराठी मजकूर या फाइलींत आहे. या फाँटांत अक्षराच्या जागी फक्त त्याचं चित्र साठवलेलं असतं, त्यामुळे फाँट गेला की मजकुराचा चिखल होतो. अशा दुकानदाराला ‘अकरा टाका’ म्हणून भागत नाही. त्यानं ते जुनं मशीन तसंच ठेवावं, पण इंटरनेटची वायर काढून. फाइल पोहोचवायला एक पेनड्राइव्ह त्याच कामापुरता वेगळा ठेवावा आणि दुसरं मशीन बाहेरच्या जगासाठी वापरावं. फाँटांचे इन्स्टॉलर, परवान्याचे डोंगल आणि फाइली यांची प्रत आजच दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, कारण वीस वर्षांची हार्ड डिस्क कुणाची वाट पाहत नाही.

मग सवडीनं मजकूर युनिकोडमध्ये आणायला घ्यावा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटतो, म्हणून साधनांची गडबड तिथेच जास्त होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला र तर हमखास एकमेकांत मिसळतो. ज्या मजकुराची छापील प्रत उरलेली नाही तो आधी घ्यावा, आणि रूपांतर झालेलं प्रत्येक पान मूळ पानाशेजारी ठेवून, त्या गावाची नावं-आडनावं माहीत असलेल्या माणसाकडून वाचून घ्यावं.