सरकारने पैसा ओतला, म्हणून शक्ती खरी?

अमेरिकेच्या सीआयएने मनःशक्तीने हेरगिरी करून पाहिली, असं सांगितलं की अनेकांना ती थाप वाटते. ती थाप नाही. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये रसेल टार्ग आणि हॅरल्ड पुटहॉफ या भौतिकशास्त्रज्ञांनी सीआयएच्या पैशावर हे काम सुरू केलं. खोलीत बसून, कधी न पाहिलेल्या दूरच्या जागेचं वर्णन करायचं. याला ते ‘रिमोट व्ह्यूइंग’ म्हणत. पुढे लष्कराने मेरीलँडमधल्या फोर्ट मीड तळावर त्यासाठी तुकडीच ठेवली. ग्रिल फ्लेम, सेंटर लेन, सन स्ट्रीक अशी नावं बदलत प्रकल्प अखेर ‘स्टार गेट’ झाला.

हे कळलं की लोक थेट दुसऱ्या टोकाला जातात: काही तथ्य असल्याशिवाय सरकार वीस वर्षं पैसे घालवेल का? घालवेल. एकूण खर्च सुमारे दोन कोटी डॉलर, म्हणजे त्या काळच्या एखाद्या लढाऊ विमानाच्या किमतीच्या आसपास. सोव्हिएत संघ या विषयात पुढे गेल्याच्या बातम्या येत होत्या आणि शीतयुद्धात मागे पडण्याची धास्ती मोठी होती. तिजोरी उघडली ती या धास्तीने.

‘पण प्रयोगशाळेत तर सिद्ध झालं होतं!’ हा गैरसमज सर्वांत चिवट आहे, म्हणून जरा थांबून पाहू. पॅट प्राइस या निवृत्त पोलीस अधिकाऱ्यावरचा प्रयोग गाजला. संशोधकांची टोळी परिसरातल्या एखाद्या ठिकाणी जाई आणि प्राइस प्रयोगशाळेत बसून ती जागा कशी आहे ते सांगे. अशी नऊ ठिकाणं झाली. नंतर एका परीक्षकाने वर्णनं आणि ठिकाणं यांच्या जोड्या लावल्या. सात बरोबर निघाल्या. डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कॅमन या मानसशास्त्रज्ञांनी मूळ नोंदी तपासल्या, तेव्हा खोट सापडली. बोलण्याच्या ओघात आदल्या दिवशीच्या ठिकाणांचे उल्लेख आले होते आणि ते नोंदींत तसेच राहिले होते. परीक्षकाच्या हातातली यादी ठिकाणांना भेट दिल्याच्या क्रमाने होती. या खुणांवरून, ती ठिकाणं न पाहताही, जोड्या लावता येतात हे मार्क्स यांनी करून दाखवलं. जादूगाराला हातचलाखी करावी लागते. इथे कुणी फसवलंही नसेल, नुसती ढिलाई पुरली.

१९७४ मध्ये प्राइसने सेमिपालाटिन्स्कजवळच्या सोव्हिएत तळावरच्या अवाढव्य क्रेनचं चित्र काढलं, ही गोष्टही हमखास सांगितली जाते. क्रेन तिथे होतीच. पण त्याच बैठकीत त्याने सांगितलेलं बरंच काही तळावर नव्हतं, हे सांगायचं राहून जातं. १९८१ च्या डिसेंबरात अमेरिकी लष्कराचे जनरल डोझियर यांचं इटलीत अपहरण झालं, तेव्हाही अतींद्रिय शक्तीवाल्यांना विचारलं गेलं. डोझियर यांना पाडुआतल्या घरातून सोडवलं ते इटालियन पोलिसांनी, नेहमीच्या तपासातून.

२०१७ मध्ये ‘गुपित फुटलं’ असंही म्हणतात. तेव्हा कागद इंटरनेटवर आले इतकंच. प्रकल्पाची जाहीर वाच्यता १९९५ मध्येच झाली होती. त्या वर्षी सीआयएने अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेकडून मूल्यमापन करून घेतलं. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स यांना निकाल निव्वळ योगायोगाचे वाटले नाहीत. मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांना त्यावरून अतींद्रिय शक्ती सिद्ध होत नाही असं वाटलं. अहवालाने बोट ठेवलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: प्रयोगांमध्ये वर्णन जुळलं की नाही हे ठरवणारा परीक्षक बहुतेक वेळा एकच होता, आणि तो स्वतः प्रकल्पाचा प्रमुख होता. प्रत्यक्ष हेरगिरीबद्दल मात्र अहवाल निःसंदिग्ध होता. या मार्गाने मिळालेल्या माहितीवर एकही गुप्तचर कारवाई बेतलेली नव्हती. प्रकल्प त्याच वर्षी बंद झाला.