विश्लेषण : पासपोर्ट नको, व्हिसा नको, तरीही नेपाळ परदेशच! खान्देशातून निघताना काय तयारी हवी?

जळगाव, धुळे भागातील अनेक ज्येष्ठांच्या आयुष्यातला पहिला, आणि बहुधा एकमेव, परदेश प्रवास म्हणजे पशुपतिनाथाची यात्रा. काशी, अयोध्या करत गाडी सोनौलीच्या सीमेवर पोहोचते आणि पासपोर्ट, व्हिसा न दाखवता नेपाळमध्ये शिरते. भाषा समजते, देव ओळखीचे असतात, बसही बऱ्याचदा भारतातलीच असते. त्यामुळे ही परदेशवारी आहे असे वाटत नाही आणि परदेशवारीची तयारीही होत नाही. मात्र सीमा ओलांडल्यावर विमा, मोबाइल, चलन, दवाखाना आणि कायदा या सगळ्यांचे नियम बदलतात. ते नेमके कसे, आणि निघण्यापूर्वी काय करायला हवे?

जळगावच्या भाविकांबाबत २०२४ मध्ये काय घडले?

२३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखराहून काठमांडूकडे निघालेली उत्तर प्रदेशची नोंदणी असलेली बस नेपाळच्या तनहुन जिल्ह्यात मर्स्यांगडी नदीच्या पात्रात कोसळली. बसमध्ये ४३ जण होते, त्यापैकी २७ जणांचा मृत्यू झाला. प्रवासी प्रामुख्याने जळगाव जिल्ह्यातील होते. भुसावळ तालुक्यातील वरणगाव, तळवेल परिसरावर या घटनेने शोककळा पसरली. नेपाळी लष्कराच्या हेलिकॉप्टरने जखमींना काठमांडूला हलवले. पार्थिव आणण्यासाठी भारतीय वायुदलाचे विमान पाठवण्यात आले आणि ते दुसऱ्या दिवशी जळगाव विमानतळावर उतरले. दुर्घटना मोठी होती, म्हणून केंद्र आणि राज्य सरकारची यंत्रणा तातडीने हलली. एखाद्याच प्रवाशाला अपघात झाला, हृदयविकाराचा झटका आला, तर मात्र वायुदलाचे विमान येत नाही. तिथे स्वतःची तयारीच कामी येते.

नेपाळला पासपोर्ट का लागत नाही?

भारत आणि नेपाळ यांच्यात ३१ जुलै १९५० रोजी शांतता आणि मैत्रीचा करार झाला. त्यातून दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात व्हिसाशिवाय ये-जा करता येते. व्हिसा नसला तरी ओळख आणि नागरिकत्वाचा पुरावा मात्र लागतो. वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र ही दोन कागदपत्रे त्यासाठी प्रमुख मानली जातात. विमानाने जाता-येताना याची काटेकोर तपासणी होते.

मग आधार कार्ड चालते का?

इथेच अनेकांची गफलत होते. १५ वर्षांखालील आणि ६५ वर्षांवरील भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र नसल्यास आधार, पॅन किंवा वाहन परवाना यांसारखे वय आणि ओळख पटवणारे छायाचित्राचे कागदपत्र चालते. १५ ते १८ वयोगटासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेले ओळखपत्र ग्राह्य धरले जाते. यांच्या मधल्या वयात मात्र नुसत्या आधारवर विसंबून राहता येत नाही. म्हणजे ७० वर्षांचे आजोबा आधारवर जाऊ शकतात, पण त्यांना सांभाळायला निघालेल्या ४० वर्षांच्या मुलाकडे मतदार कार्ड किंवा पासपोर्ट हवा. जाताना बसने गेलेल्याला आजारपणामुळे विमानाने परतावे लागले, तर ही उणीव ऐनवेळी लक्षात येते. कागदपत्र हरवल्यास काठमांडूतील भारतीय दूतावास परतीच्या एका प्रवासासाठी आपत्कालीन प्रमाणपत्र देऊ शकतो. मात्र त्यातही वेळ जातो.

गरज नसतानाही पासपोर्ट काढावा का?

काढलेला बरा. प्रौढांसाठी ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये असून तो दहा वर्षे चालतो. ६० वर्षांवरील अर्जदारांना नव्या पासपोर्टच्या शुल्कात दहा टक्के सवलत आहे. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही पासपोर्ट सेवा केंद्रे सुरू झाल्याने अर्जासाठी महानगरात खेटे घालण्याची गरज कमी झाली आहे. आधार, मतदार कार्ड आणि बँक पासबुकातले नाव एकसारखे असल्याची खात्री आधी करावी. विवाहानंतर नाव बदललेल्या महिलांच्या अर्जात इथेच अडचण येते. पुढे थायलंड, दुबई किंवा श्रीलंकेला जायचे झाल्यास हाच पासपोर्ट उपयोगी पडतो. त्या वेळी त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, अशी अट अनेक देश घालतात.

श्रावणातली यात्रा जोखमीची का?

शेतीच्या कामातून थोडी उसंत आणि श्रावणाचे पुण्य असा मेळ साधून अनेक गट जुलै-ऑगस्टमध्ये निघतात. हाच काळ नेपाळमध्ये मुसळधार पावसाचा आणि दरडी कोसळण्याचा असतो. काठमांडूकडे जाणारे प्रमुख रस्ते त्रिशूली आणि मर्स्यांगडी या नद्यांच्या कडेने, डोंगर कापून गेलेले आहेत. जळगावच्या भाविकांच्या अपघाताआधी सहा आठवडे, १२ जुलै २०२४ रोजी, चितवन जिल्ह्यात सिमलताल येथे दरड कोसळून दोन प्रवासी बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. दिवाळीनंतरचे दिवस किंवा मार्च-एप्रिल हा काळ त्या मानाने सुरक्षित समजला जातो. मुक्तिनाथला जाणाऱ्यांनी उंचीचाही विचार करावा. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, तर मुक्तिनाथ ३७०० मीटरहून अधिक उंचीवर. रक्तदाब, हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा टप्पा करू नये.

घरचा विमा तिथे चालतो का?

बहुधा नाही. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी भारतातील उपचारांपुरत्या असतात. महात्मा फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत कार्डाचा लाभ संलग्न रुग्णालयांतच मिळतो, नेपाळमधील रुग्णालयात नाही. त्यामुळे नेपाळचा उल्लेख असलेला स्वतंत्र परदेश प्रवास विमा घ्यावा. त्यात रुग्णालयाचा खर्च, रुग्णाला हेलिकॉप्टर किंवा विमानाने हलवण्याचा खर्च, पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च आणि अपघाती मृत्यूची भरपाई या चार गोष्टी आहेत का, ते पाहावे. मधुमेह, रक्तदाब लपवू नये. आजार लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारला जाऊ शकतो.

वाहनाच्या विम्याचेही तसेच आहे. भारतातील मोटार विम्याची हद्द साधारणपणे भारतापुरती असते. जादा हप्ता भरून ती नेपाळ, भूतान, बांगलादेश अशा शेजारी देशांपर्यंत वाढवून घेता येते. स्वतःची गाडी नेणाऱ्याने हे करून घ्यावे. शिवाय सीमेवर ‘भन्सार’ म्हणजे नेपाळच्या सीमाशुल्क कार्यालयाचा परवाना लागतो. किती दिवस राहणार, त्यानुसार त्याचे पैसे भरावे लागतात.

टूरवाल्याला काय विचारावे?

खान्देशात यात्रा बऱ्याचदा ओळखीतून ठरते. गावातला माणूस पन्नास-शंभर जणांना एकत्र करतो, पैसे रोख दिले जातात आणि पावती मागणे अवघड वाटते. तरीही काही प्रश्न विचारायलाच हवेत. नेपाळमध्ये बस भारतातली राहणार की तिथली? बसच्या विम्यात नेपाळचा समावेश आहे का? घाटात गाडी चालवण्याचा अनुभव असलेले किती चालक सोबत असतील? रात्रीचा प्रवास कार्यक्रमात आहे का? पावसामुळे रस्ता बंद झाल्यास मुक्काम वाढेल, त्याचा खर्च कोणाचा? वेळापत्रक इतके घट्ट नसावे की चालकाला पाऊस असतानाही गाडी हाकावी लागेल. एक दिवस राखीव ठेवणारी टूर थोडी महाग पडली तरी बरी.

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्यावेत, पावतीवर कार्यक्रम आणि सोयी लिहून घ्याव्यात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहकाला तो राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. टूर कंपनी मुंबईची किंवा गोरखपूरची असली तरी तक्रार जळगाव किंवा धुळ्यात दाखल होऊ शकते. त्यासाठी हातात कागद मात्र हवा.

पैसे आणि मोबाइलचे काय?

१०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये १०० रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. या नियमांत बदल होत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात बँकेकडून चालू नियम विचारून घ्यावा आणि खर्चापुरत्या शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. २०२४ पासून नेपाळमधील अनेक दुकानांत भारतीय यूपीआयने पैसे देता येतात, पण मोबाइलला इंटरनेट असेल तरच. भारतीय सिमकार्ड आंतरराष्ट्रीय रोमिंगशिवाय बंद पडते. गटातील किमान दोघांनी रोमिंग सुरू करावे किंवा तिथले सिम घ्यावे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते. परतीच्या विमानाची वेळ पाहताना हे विसरू नये.

अडचण आली तर कोणाकडे जायचे?

नेपाळमध्ये पोलिसांसाठी १०० आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ हे क्रमांक आहेत. भारतीय दूतावास काठमांडूत, तर वाणिज्य दूतावास वीरगंजला आहे. त्यांचे आपत्कालीन क्रमांक संकेतस्थळावरून घेऊन कागदावर लिहून ठेवावेत. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर नातेवाइकांना गावातूनही तक्रार नोंदवता येते. संकटातील गरजू भारतीयांसाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो. पात्र प्रकरणांत पार्थिव आणण्यासाठीही त्यातून मदत मिळते. जून २०२४ मध्ये रशियातील वेलिकी नोव्हगोरोद येथे वोल्खोव्ह नदीत जळगाव जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसह चार भारतीय विद्यार्थी बुडाले, तेव्हा सेंट पीटर्सबर्गमधील वाणिज्य दूतावास आणि जळगाव जिल्हा प्रशासन यांच्यामार्फतच कुटुंबीयांना पुढची प्रक्रिया करावी लागली.

सप्टेंबर २०२५ मध्ये नेपाळमध्ये तरुणांच्या आंदोलनानंतर सरकार कोसळले आणि काठमांडूचे विमानतळ काही काळ बंद राहिले. अशा वेळी आपला माणूस कोणत्या हॉटेलात, कोणत्या बसमध्ये आहे हे घरच्यांना ठाऊक असेल, तरच प्रशासनाला त्याचा माग काढता येतो.

घरी काय ठेवून जावे?

एका कागदावर सर्व प्रवाशांची नावे, वय, रक्तगट, आजार, नियमित औषधे, घरचा संपर्क, बसचा क्रमांक, मुक्कामाची हॉटेले आणि विमा पॉलिसीचे क्रमांक लिहावेत. त्याची एक प्रत घरी, एक गटप्रमुखाकडे आणि एक गावातील जबाबदार व्यक्तीकडे द्यावी. ओळखपत्रांचे फोटो घरच्या एखाद्याच्या मोबाइलमध्येही असावेत. औषधे डिकीत टाकलेल्या सामानात न ठेवता हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवावीत. ज्येष्ठांच्या खिशात नाव, गाव आणि दोन फोन क्रमांकांची चिठ्ठी असू द्यावी. या तयारीला फार तर एक दुपार लागते आणि विमा वगळता तिचा खर्च जवळपास काहीच नाही.