हिरडा, बाभूळ आणि चामड्याची निर्यात

वढू बुद्रुक महाराष्ट्राला ठाऊक आहे ते छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे. पुणे जिल्ह्यातील भीमाकाठच्या या गावापासून पूर्वेकडे शिरूर-दौंडचा कमी पावसाचा टापू पसरलेला आहे. तिथल्या माळांवर आणि बांधांवर तरवड आणि बाभूळ कुणी न लावता वाढतात. याच पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, जुन्नर आणि आंबेगावच्या डोंगरांत, हिरड्याची झाडे आहेत. तरवडाची व बाभळीची साल आणि हिरड्याचे फळ यांत टॅनिन भरपूर असते आणि टॅनिन हे कातडी कमावण्याच्या जगातल्या सर्वांत जुन्या रसायनांपैकी एक आहे. भारत दरवर्षी साधारण पाच अब्ज डॉलरच्या आसपास चामडे, पादत्राणे आणि चामडी वस्तू निर्यात करतो. त्यात तमिळनाडू, उत्तर प्रदेश आणि पश्चिम बंगाल ही राज्ये आघाडीवर आहेत. महाराष्ट्राला या व्यापारात आपली जागा वाढवायची असेल, तर त्याने या राज्यांशी क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या स्वस्त चामड्यात चढाओढ करू नये. झाडपाल्याने कमावलेल्या चामड्याचा मार्ग धरावा. या मताला आधार रसायनशास्त्राचा आहे, नदीचा आहे आणि बाजाराचाही आहे.

आधी रसायनशास्त्र पाहू. जनावराची कातडी मुख्यतः कोलॅजेन नावाच्या प्रथिनाची असते. त्याचा रेणू तीन पेडांच्या दोरासारखा वळलेला असतो. ओली कातडी सडते, कारण जिवाणू हे पेड तोडतात. वाळवली तर ती ताठ होते. कमावणे म्हणजे या पेडांना एकमेकांशी असे बांधणे, की जिवाणूंना ते तोडता येऊ नयेत आणि उष्णतेने ते आकसू नयेत. कच्ची कातडी पाण्यात साधारण साठ ते पासष्ट अंश सेल्सिअसला आकसते. टॅनिनचे मोठे रेणू कोलॅजेनशी हायड्रोजन बंधांनी जोडले जातात आणि ही मर्यादा ऐंशी अंशांच्या आसपास नेतात. क्रोमियमचे क्षार कोलॅजेनमधील आम्लगटांशी अधिक घट्ट बंध करतात, त्यामुळे क्रोमचे चामडे उकळते पाणीही सोसते. अमेरिकेत 1884 मध्ये ऑगस्टस शुल्ट्झ यांनी क्रोमच्या पद्धतीचे पेटंट घेतले. ज्या कामाला महिना लागे ते एका दिवसावर आले, चामडे मऊ आणि हलके झाले आणि जगाचा व्यापार तिकडे वळला. आज जगातले बहुतांश चामडे क्रोमनेच कमावले जाते.

त्याआधीच्या व्यापारात आपला प्रदेश कच्चा माल पुरवणारा होता. लंडनच्या बाजारात हिरड्याच्या प्रती भारतीय गावांच्या नावांनी ओळखल्या जात. त्यांत भीमलीपट्टण आणि जबलपूरबरोबर वेंगुर्ल्याचेही नाव होते. मद्रास इलाख्यात तरवडाच्या सालीने कमावून आणि हिरड्याचा हात देऊन केलेले अर्धवट तयार चामडे इंग्लंडला जाई. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांच्या बुटांसाठी त्याला मोठी मागणी आली. महाराष्ट्रातल्या खेड्यांत मात्र चामडे मुख्यतः शेतीत खपे. मोट, पखाल, नाडे आणि वहाणा यांसाठी ढोर समाजातील कारागीर बाभळीची साल, हिरडा आणि चुना वापरून कातडी कमावत. कातडीची पिशवी शिवायची, तिच्यात साल आणि हिरडा भरून पाणी ओतायचे आणि ती टांगून ठेवायची. पाण्याच्या दाबाने टॅनिनचा अर्क कातडीतून झिरपत बाहेर येतो आणि जाता जाता तिला कमावतो. कोल्हापुरी चपलेचे चामडे याच रीतीने तयार होत आले आहे. विहिरींवर इंजिने आणि विजेचे पंप आल्यावर मोट गेली आणि गावोगावचा हा धंदा बसला.

स्वातंत्र्यानंतर देशाचे धोरण बदलले. 1972 मध्ये सीतारामय्या समितीने सुचवले, की कच्ची कातडी आणि अर्धवट चामडे परदेशी धाडून नफा दुसऱ्यांच्या हाती देण्यापेक्षा तयार माल निर्यात करावा. पुढे कच्च्या कातड्यांची निर्यात थांबली आणि अर्धवट चामड्याच्या निर्यातीवर बंधने आली. निर्णय योग्यच होता. रोजगार त्याने देशात आणला. पण त्याबरोबर कमावण्याचे सांडपाणीही देशातच राहिले. एक टन कच्ची कातडी प्रक्रियेतून जाताना तीस ते चाळीस हजार लिटर पाणी लागते आणि हाती येते जेमतेम पाव टन चामडे. नेहमीच्या पद्धतीत क्रोमपैकी साधारण दोन तृतीयांशच कातडीत उतरतो. बाकीचा पाण्याबरोबर वाहतो. तमिळनाडूच्या वेल्लोर भागातील शेते आणि विहिरी अशा सांडपाण्याने नासल्यावर सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्ट 1996 च्या निकालात प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यावी हे तत्त्व भारतीय कायद्यात पक्के केले. भीमेचे पाणी पुढे उजनीत साठते आणि सोलापूरच्या नळाला येते. अशा खोऱ्यात क्रोमचे मोठे कारखाने उभे करणे हा निर्यातीचा फार महागडा मार्ग ठरेल.

यावर पहिला आक्षेप असा, की झाडपाल्याचे सांडपाणी तरी कुठे स्वच्छ असते? नसतेच. त्यात सेंद्रिय द्रव्याचा भार मोठा असतो, टॅनिन सावकाश कुजते, आणि कातडी टिकवायला लावलेले मीठ तर दोन्ही पद्धतींत सारखेच पाण्यात उतरते. म्हणून हे काम नदीकाठी उघड्यावर करून चालणार नाही. ताजी किंवा थंड ठेवलेली कातडी घेणे आणि पाणी शुद्ध करून पुन्हा वापरणे याला पर्याय नाही. पण फरक मूलभूत आहे. सेंद्रिय भार जिवाणू पचवू शकतात. क्रोमियम हा धातू आहे, तो पचत नाही, गाळात साठतच जातो. शिवाय उष्णता, प्रकाश आणि काही तेलांच्या संपर्काने चामड्यातल्या क्रोमचे विषारी षट्संयुजी रूप तयार होऊ शकते. युरोपीय संघाने 1 मे 2015 पासून त्वचेला लागणाऱ्या चामडी वस्तूंत त्याचे प्रमाण किलोला तीन मिलिग्रॅमपुरते मर्यादित केले आहे. क्रोमविरहित चामड्याला ही चिंताच नाही.

दुसरा आक्षेप किमतीचा. महिनाभर चालणारे काम स्वस्त चामड्यापुढे टिकेल कसे? स्वस्ताईच्या बाजारात ते टिकणार नाही, आणि तिथे उतरण्याचे कारणही नाही. 2019 मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांच्या कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशीच चप्पल श्रेय न देता मांडली. टीका झाल्यावर तिने मूळ मान्य केले, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून 2000 जोड इथे बनवून सुमारे 800 युरोंना विकण्याचे जाहीर केले. संख्या लहान आहे. पण जगातला एक ग्राहकवर्ग सावकाश केलेल्या, मूळ ठाऊक असलेल्या वस्तूला मोठी किंमत देतो, हे या करारातून दिसते. कच्च्या मालाची अडचण मात्र खरी आहे. 2015 मध्ये लागू झालेल्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली आणि कारागिरांचा पुरवठा आटला. तरी म्हशीचे आणि शेळी-बकऱ्याचे कातडे उपलब्ध आहे, आणि मोजक्या पण मोलाच्या मालासाठी ते पुरवता येईल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. हे काम जातीने लादलेले होते. ज्यांच्या हातांनी गावाची शेती भिजली त्यांनाच गावाने वेशीबाहेर ठेवले. त्यांच्या नातवंडांना त्याच कामाकडे परत बोलावणे अन्याय नाही का? जुन्या अटींवर बोलावले तर तो अन्यायच आहे. म्हणून अटीच बदलायला हव्यात. ओले आणि जड काम यंत्राने व्हावे, प्रशिक्षण कुठल्याही जातीच्या तरुणाला खुले असावे आणि कारखान्याची मालकी कारागिरांच्या संस्थांकडे असावी. हिरडा गोळा करणाऱ्या आदिवासी कुटुंबांनाही रास्त दर मिळायला हवा. 1974 मध्ये स्थापन झालेले राज्याचे चर्मोद्योग महामंडळ आणि 1948 पासून चेन्नईत काम करणारी केंद्रीय चर्म संशोधन संस्था यांना एकत्र आणून असा एक नमुना कारखाना उभारणे राज्याच्या आवाक्यात आहे. ज्या चपलेला परदेशात सुमारे 800 युरो किंमत लावली जाते, तिच्यातला किती वाटा कातडी कमावणाऱ्याच्या आणि चप्पल शिवणाऱ्याच्या घरी पोहोचतो, हीच या निर्यातीची खरी कसोटी आहे. राज्य सरकारने निर्यातीचे धोरण आखताना डॉलरच्या आकड्याआधी हा वाटा ठरवावा.