टाकळखेड्याचा ओळंबा आणि चंद्रावरचा हिशेब

जॉर्ज एव्हरेस्टचा 1830 सालचा ग्रंथ मी वर्षानुवर्षे चाळत आलो आहे. बिदरजवळच्या दामरगिड्यापासून सिरोंजजवळच्या कल्याणपूरपर्यंत रेखावृत्ताचा चाप कसा मोजला, याची ती हकीकत. या चापाचे मधले ठाणे आपल्या वऱ्हाडात, एलिचपूरच्या खोऱ्यात होते. त्याचे नाव टाकळखेडा, अक्षांश 21 अंश 5 कला 51 विकला.

जानेवारी 1823 मध्ये या सर्वेक्षणाचा प्रमुख लॅम्ब्टन हिंगणघाटला वारला आणि सगळा भार एव्हरेस्टवर आला. या कामात तापाने त्याची अशी दशा झाली की दोन माणसे त्याला उचलून यंत्रासमोरच्या आसनावर बसवत. तशातही त्याने ताऱ्यांचे वेध सोडले नाहीत.

वेध घ्यायचा म्हणजे तारा शिरोबिंदूपासून किती ढळला आहे ते मोजायचे, आणि शिरोबिंदू ठरवायचा ओळंब्याने. आता टाकळखेड्याच्या उत्तरेला गाविलगडाची रांग. एवढ्या मोठ्या दगडी राशीची ओढ लागली की ओळंब्याचा गोळा किंचित उत्तरेला सरकतो, शिरोबिंदू दक्षिणेला कलतो आणि अक्षांश कमी भरतो. एका विकलेची चूक म्हणजे जमिनीवर सुमारे 31 मीटर. एव्हरेस्टने डोंगरांच्या या ओढीचा हिशेब ग्रंथात मांडला आहे आणि माझ्या मते ती त्यातली सर्वांत मोलाची पाने आहेत. पुढे 1855 मध्ये कलकत्त्याच्या आर्चडीकन प्रॅटने हिमालयाच्या ओढीचे गणित मांडले, खगोलज्ञ एअरीने त्यावर वेगळे उत्तर दिले आणि भूकवचाच्या समतोलाची कल्पना पुढे आली. इतिहासकार थेट तिथेच उडी मारतात. मेळघाटाच्या पायथ्याची ही आधीची शंका मागे राहते, हे मला अन्यायाचे वाटते.

हीच अडचण 1968 मध्ये चंद्रावर भेटली. लूनर ऑर्बिटर यानांच्या कक्षा तपासताना म्युलर आणि शोग्रेन या संशोधकांना दिसले, की चंद्राच्या मोठ्या खोलगट मैदानांखाली जड वस्तुमान दडले आहे आणि ते यानाला खेचते. यान नेमके कुठे आहे हेच पक्के नसेल, तर त्यावरून मोजलेली डोंगरांची उंची काय कामाची?

म्हणून जून 2009 मध्ये सुटलेल्या लूनर रिकनेसन्स ऑर्बिटरवर नासाने एक नवी सोय केली. पृथ्वीकडे रोखलेल्या अँटेनावर छोटी दुर्बीण बसवली. तिच्यात शिरलेला प्रकाश तंतूतून थेट उंचीमापक लेसरच्या ग्राहकापर्यंत जाई. अमेरिकेतल्या ग्रीनबेल्टच्या ठाण्यावरून सेकंदाला 28 हिरवे स्पंद सुटत. स्पंद निघाल्याची वेळ जमिनीवरचे घड्याळ नोंदवी, पोचल्याची यानावरचे. मधल्या सव्वा सेकंदातून अंतर निघे, दहा सेंटिमीटरच्या आतल्या नेमकेपणाने. परतीचा प्रकाश नाही, त्यामुळे सारी भिस्त दोन घड्याळांवर. 2014 पर्यंत चाललेल्या या कामात जगातली दहा ठाणी होती. भारतातले एकही नव्हते.

भारताचा भाग नंतर आला. 12 डिसेंबर 2023 रोजी याच यानाने दक्षिण ध्रुवाकडच्या मँझिनस विवराजवळ उभ्या असलेल्या, चांद्रयान-3 च्या विक्रम या अवतरकावर सुमारे 100 किलोमीटरवरून लेसर टाकला. विक्रमवर नासाने दिलेला आठ काचलोलकांचा, जेमतेम पाच सेंटिमीटर रुंदीचा परावर्तक होता. त्यावरून उलटलेला प्रकाश यानाने टिपला. चंद्रावर कायमची खूणगाठ मिळाली.

टाकळखेड्याची खूणगाठ मात्र आपणच पक्की करायला हवी. अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या भूगोलाच्या आणि स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे: एव्हरेस्टचे ठाणे शोधा. तिथे ताऱ्यांवरून अक्षांश काढा, उपग्रहावरून काढा आणि दोन्हींतला फरक मांडा. या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याखालचा गाळ बेसॉल्टपेक्षा हलका आहे, तोही हिशेबात धरा. जे येईल ते मराठीत छापा.