नाव मिळेपर्यंतचा भुंगेरा

कोस्टा रिकाच्या जंगलातल्या एका भुंगेऱ्याला २००२ साली ‘आग्रा श्वार्झेनेगराय’ असं नाव मिळालं. या जातीच्या नराच्या मधल्या पायांच्या मांड्या दंडाच्या बेटकुळीसारख्या फुगलेल्या असतात, म्हणून पिळदार दंडांचा अभिनेता अर्नोल्ड श्वार्झेनेगर याच्यावरून हे नाव. ते जगभर गाजलं. मात्र ज्या निबंधात ते आलं, त्यात आग्रा प्रजातीच्या एकूण २९ नव्या जातींची वर्णनं होती, हे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. निबंधाचे लेखक टेरी अर्विन हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले कीटकशास्त्रज्ञ.

हे भुंगेरे कॅराबिडी कुळातले. जगात या कुळाच्या चाळीस हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. थंड प्रदेशांत त्यातले बहुतेक जमिनीवर, दगडाखाली, पाचोळ्यात धावत शिकार करतात. उष्ण प्रदेशांत मात्र अनेक जण झाडावर चढले. आग्रा त्यांपैकीच. लांबुडकं डोकं, सडपातळ मान, मुक्काम जंगलाच्या छतात. तिथे माणसाचा हात पोचत नाही.

अर्विन यांनी त्यावर उपाय केला तो धुराचा. १९७० च्या दशकात पनामामध्ये त्यांनी ल्यूहिया सीमान्नी या एकाच जातीच्या १९ झाडांवर कीटकनाशकाचा धूर सोडला आणि खाली पडलेले कीटक गोळा केले. त्यात सुमारे १,२०० जातींचे भुंगेरे निघाले! त्यावरून त्यांनी १९८२ साली गणित मांडलं, की उष्ण कटिबंधात संधिपाद प्राण्यांच्या तीन कोटी जाती असाव्यात. हा आकडा पुढे टिकला नाही. एकेका झाडाशी बांधलेल्या जाती त्यांनी धरल्या होत्या त्याहून कमी निघाल्या. आता कीटकांचा अंदाज ५५ लाखांच्या आसपास केला जातो. पण नाव मिळालेले कीटक जेमतेम दहा लाख! चुकलेल्या आकड्यापेक्षा त्या आकड्याने उभा केलेला प्रश्न मला मोठा वाटतो.

नाव मिळायला इतका वेळ का लागतो? कारण ‘हा नवा’ असं म्हणायचं तर आधीच्या साऱ्या जवळच्या जाती तपासाव्या लागतात. त्यांचे मूळ नमुने लंडन, पॅरिस अशा दूरदूरच्या संग्रहालयांत. भुंगेरा सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, की पंखकवचावरच्या रेघा, त्यातले खड्डे, डोळ्याजवळचा एखादा ताठ केस, सगळं टिपायचं. वरून हुबेहूब दिसणारे दोन नर जननेंद्रियाच्या आकारावरून वेगळे ठरतात. म्हणून पोट उघडून तो बारीकसा अवयव काढायचा आणि ग्लिसरीनच्या इवल्या नळीत घालून त्याच टाचणीला अडकवायचा. टाचणीवर चिठ्ठ्या एकाखाली एक असतात: ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. शेवटी एका नमुन्याला मूळ नमुन्याचा, म्हणजे होलोटाइपचा, मान मिळतो. पुढे शंभर वर्षांनी वाद निघाला तरी निवाडा त्याच टाचणीपाशी होतो. चिठ्ठी हरवली, तर कितीही देखणा भुंगेरा शास्त्राच्या जवळजवळ निरुपयोगी.

त्याच निबंधात केट विन्स्लेटच्या नावाचीही एक जात आहे. ‘टायटॅनिक’मध्ये तिने रंगवलेली नायिका बुडत नाही, पावसाळी जंगलं तोडून चराऊ कुरणं झाली तर या भुंगेऱ्याचं काय, असा प्रश्न अर्विन यांनी नावातूनच विचारला. २०२० साली ते वारले.

या कुळातले भुंगेरे आपल्याकडेही आहेत. काळ्याभोर अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला अँथिया भारतात कोरड्या माळरानांवर फिरतो आणि डिवचलं तर आम्लाची पिचकारी मारतो. भारतातल्या कॅराबिडी कुळासाठी अभ्यासकांना आजही अँड्र्यूज यांचे १९२९ आणि १९३५ चे खंड उघडावे लागतात.

म्हणून महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्र विभागांना एकच विनंती. कपाटातल्या जुन्या कीटकपेट्या धूळ खात पडल्या असतील, तर त्या भंगारात काढू नका. चिठ्ठ्या शाबूत असतील, तर पुण्यात भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचं प्रादेशिक केंद्र आहे, तिथे आधी विचारा.